नवा, नवीन, नूतन, कोरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'नवा' आणि 'नवीन' यांत शुद्ध कोणता?

दोन्ही. 'नवीन' संस्कृतातून जसाच्या तसा आला, म्हणजे तत्सम. 'नवा' संस्कृत 'नव'पासून प्राकृताच्या वाटेने मराठीत रुळला. अर्थाने दोघे जवळजवळ एकच आहेत, वागणूक मात्र निराळी. 'नवा' हे विकारी विशेषण आहे, पुढच्या नामाचे लिंग, वचन आणि विभक्ती पाहून ते बदलते. 'नवीन' काहीही झाले तरी बदलत नाही. नवीन रस्ता, नवीन गाडी, नवीन घर, नवीन गाड्यांना, नवीन घरांतून : सगळीकडे 'नवीन'च.

'नवीन' शिष्ट आणि 'नवा' गावठी, असा एक समज आहे. त्यात तथ्य नाही. उलट वर्तमानपत्राच्या मथळ्यात 'नवा' जास्त दिसतो, कारण जागा कमी लागते.

'नवा'ची रूपे नेमकी कशी होतात?

एकवचनी नवा रस्ता, नवी गाडी, नवे घर. अनेकवचनी नवे रस्ते, नव्या गाड्या, नवी घरे. नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले की तिन्ही लिंगांत आणि दोन्ही वचनांत एकच रूप होते, 'नव्या' : नव्या रस्त्यावर, नव्या गाडीत, नव्या घरासाठी, नव्या घरांमध्ये.

चुका दोन ठिकाणी होतात. पहिली, स्त्रीलिंगी अनेकवचन. 'नवी गाड्या आल्या' असे लिहिले जाते ते बहुधा हिंदीच्या सवयीने, कारण हिंदीत 'नई' दोन्ही वचनांत तसेच राहते. इंदूर, ग्वाल्हेर, दिल्लीकडच्या मराठी घरांत ही चूक हमखास ऐकू येते, आता पुण्या-मुंबईच्या जाहिरातींतही. मराठीत 'नव्या गाड्या आल्या'. दुसरी चूक नपुंसकलिंगी अनेकवचनाची : 'नवे पुस्तके' नव्हे, 'नवी पुस्तके'. शंका आली तर त्या जागी 'चांगला' घालून पाहावे. 'चांगले पुस्तके' जिभेवर अडते, 'चांगली पुस्तके' सहज येते. 'चांगला' जसा चालेल तसाच 'नवा' चालवायचा.

'नवं घर' की 'नवे घर'? बोलताना आणि संवादात 'नवं', औपचारिक लेखनात 'नवे'. दोन्ही चालतात, पण एका मजकुरात एकच धोरण ठेवावे. आणि 'नवं' लिहिताना अनुस्वार विसरू नये, नाहीतर त्याचे 'नव' होते आणि वाचणारा पुढे समास शोधू लागतो.

मग सरसकट 'नवीन' लिहून मोकळे व्हावे का?

बऱ्याच वेळा निभते. तीन ठिकाणी निभत नाही.

एक, ठरलेल्या जोड्या. 'नवाकोरा' म्हणतात, 'नवीनकोरा' कोणी म्हणत नाही. नवे-जुने, नव्याची नवलाई, नव्या दमाचा खेळाडू, यांतही 'नवीन' घालून चालत नाही. 'नवाकोरा' लिहिताना दोन्ही भाग बदलतात हे लक्षात ठेवावे : नवीकोरी साडी, नवेकोरे ताट, नव्याकोऱ्या वह्या.

दोन, विशेषणाचे नाम होते तेव्हा. 'यंदा नव्यांना संधी द्या' हे सरळ मराठी. 'नवीनांना संधी द्या' कानाला खटकते, तिथे 'नवीन मुलांना' असे नाम जोडावे लागते.

तीन, क्रियाविशेषण. 'नवीनच' म्हणजे नुकतेच आणि 'नव्याने' म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. यावर पुढे सविस्तर आहे, कारण इथे नुसते व्याकरण नाही, कामही अडते.

'नविन' आणि 'नाविन्य' असे लिहिलेले सर्रास दिसते. चूक आहे का?

हो. 'नवीन'मधला 'वी' दीर्घ आहे. त्याला भाववाचक 'य' लागतो तेव्हा पहिल्या अक्षराची वृद्धी होते, 'न'चा 'ना' होतो. मधल्या 'वी'ला कोणी हात लावत नाही. म्हणून 'नावीन्य'. 'प्रवीण'चे 'प्रावीण्य' अगदी याच रीतीने होते, आणि 'प्राविण्य' ही त्याची जुळी चूक. जोडाक्षराआधीची वेलांटी ह्रस्व असते हा नियम मनात पक्का बसलेला असतो, त्यामुळे हात आपोआप पहिली वेलांटी काढतो. पण तो नियम मराठी शब्दांचा, तत्सम शब्दांना तो लागू नाही.

'नावीन्यता' हेही टाळावे. 'नावीन्य' मुळातच भाववाचक नाम आहे, त्याला पुन्हा 'ता' लावणे म्हणजे 'सौंदर्यता' म्हणण्यासारखे. 'नवीनता' म्हणा किंवा 'नावीन्य' म्हणा. अडचण अशी की राज्य सरकारच्या एका विभागाचे नावच 'कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग' असे लिहिले जाते. अर्जावर, लिफाफ्यावर, संदर्भात संस्थेचे नाव ती लिहिते तसेच लिहावे, ते दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही. स्वतःच्या वाक्यात मात्र 'नावीन्य'.

याच पठडीतली आणखी एक चूक म्हणजे 'नुतन' आणि 'नुतनीकरण'. 'नू' दीर्घच हवा.

'नवी मुंबईत' की 'नव्या मुंबईत'?

व्याकरणाचा नियम काटेकोर लावला तर 'नव्या मुंबईत'. पण 'नवी मुंबई' हे आता दोन शब्दांचे वर्णन राहिलेले नाही, ते एका शहराचे नाव आहे. ते वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० सालची, महानगरपालिका १९९२ सालची. एवढ्या काळात नाव एकजीव झाले आणि प्रत्यय फक्त शेवटी लागू लागला : नवी मुंबईत, नवी मुंबईचा, नवी मुंबईकर. हेच लिहावे. 'नव्या मुंबईत' लिहिले तर मुंबई बदलून नवी झाली आहे, असाही अर्थ निघतो. 'नवी दिल्लीत', 'नवी सांगवीत' यांचेही तेच. 'नवीन पनवेल' आणि 'नवीन नाशिक' यांना हा त्रासच नाही, 'नवीन' बदलत नसल्यामुळे.

गंमत म्हणजे पुण्यात मुठेवरचा शिवाजी पूल १९२३ सालचा. शंभरी उलटली तरी जुन्या पुणेकरांच्या तोंडी तो 'नवा पूल'च आहे, आणि तिथे मात्र सगळे 'नव्या पुलावर' असे बिनचूक म्हणतात. 'नवा पूलावर' कोणाच्या तोंडून येत नाही. पुल्लिंगी 'नवा' तसाच ठेवणे जिभेला झेपत नाही, स्त्रीलिंगी 'नवी' खपून जाते. नियमापेक्षा कान इथे जास्त उपयोगी.

एखादी गोष्ट किती दिवस 'नवी' म्हणायची?

भाषा मुदत घालत नाही. पण नावातच 'नवा' घातला की पुढे पंचाईत होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा जुन्या पैशाशी गल्लत होऊ नये म्हणून त्यांना 'नया पैसा' म्हटले. १९६४ साली 'नया' काढून टाकावा लागला. सोसायटीला, दुकानाला, योजनेला नाव देताना 'नवीन' टाळलेले बरे, असे आमचे मत. दहा वर्षांनी दुसरी योजना आली की तिला काय म्हणणार?

एका शब्दाला मात्र मुदत आहे. वैद्यकीय भाषेत 'नवजात' म्हणजे जन्मापासून पहिल्या २८ दिवसांपर्यंतचे बाळ. त्यानंतर ते 'अर्भक'. आरोग्यविषयक मजकुरात तीन महिन्यांच्या बाळाला 'नवजात' म्हणू नये.

सूचनेत 'नवीन अर्ज करावा' आणि 'नव्याने अर्ज करावा' लिहितात. फरक पडतो का?

पडतो, आणि त्यावरून लोक खेटे घालतात. 'नव्याने अर्ज करावा' म्हणजे आधी केलेला अर्ज बाद धरला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. 'नवीन अर्ज करावा' यातून तेवढे कळत नाही. ज्यांनी आधी अर्ज केला नाही त्यांनी करावा, की वेगळ्या नमुन्यात करावा, की आधीच्या अर्जासोबत आणखी एक? सूचना लिहिणाऱ्याने संदिग्धता ठेवू नये. 'यापूर्वी अर्ज केलेल्यांनीही पुन्हा अर्ज करणे आवश्यक आहे' किंवा 'यापूर्वी अर्ज केलेल्यांनी पुन्हा अर्ज करू नये', यांपैकी जे खरे असेल ते एक वाक्य जोडले की प्रश्न मिटतो. निविदेच्या बाबतीत तर 'फेरनिविदा' हा नेमका शब्द हाताशी आहे, 'नव्याने निविदा' लिहायची गरज नाही.

'नव्याने सुरू झालेले दुकान' हेही असेच दुहेरी. बंद पडून पुन्हा उघडलेले, की पहिल्यांदाच उघडलेले? पहिल्यांदाच असेल तर 'नवीनच सुरू झालेले' किंवा 'नुकतेच सुरू झालेले'. पुन्हा असेल तर 'पुन्हा सुरू झालेले'.

नवीन, नूतनीकरण, दुय्यम प्रत : अर्जावर कोणता पर्याय निवडायचा?

पहिल्यांदाच मिळवायचे असेल तर 'नवीन'. आहे त्याची मुदत संपली किंवा संपत आली असेल तर 'नूतनीकरण'. मुदत आहे, पण कागद हरवला किंवा फाटला असेल तर 'दुय्यम'. शिधापत्रिका फाटली म्हणून 'नवीन शिधापत्रिके'चा अर्ज भरला की तो परत येतो, कारण नावे आधीच दुसऱ्या पत्रिकेवर असतात. तिथे 'दुय्यम शिधापत्रिका' मागायची.

पासपोर्टचे थोडे वेगळे आहे. बोलताना सगळे 'पासपोर्ट रिन्यू करायचाय' म्हणतात, पण तिथे नूतनीकरण होत नाही. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, मुदतीनंतर नव्या क्रमांकाची नवी पुस्तिका मिळते. तरीही ज्याच्याकडे आधी पासपोर्ट होता त्याने 'फ्रेश' हा पर्याय निवडायचा नसतो, 'रिइश्यू' निवडायचा असतो. हातात येणारी वस्तू नवी, अर्ज मात्र नवा नाही.

वाहन चालवण्याच्या परवान्यात 'नवीन' म्हटले तर आधी शिकाऊ परवाना, सहा महिन्यांच्या मुदतीचा. तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. 'शिकाऊ'ऐवजी 'नवशिका परवाना' कोणी म्हणत नाही.

नवा, कोरा, ताजा : काय कुठे?

'नवा' काळ सांगतो, 'कोरा' सांगतो की अजून वापरलेले नाही. दोन वर्षे कपाटात पडून असलेली साडी नवी म्हणवणार नाही कदाचित, पण घडी मोडली नसेल तर ती कोरीच. 'घडी मोडणे' हा खास शब्दप्रयोग, अर्थ पहिल्यांदा नेसणे किंवा घालणे. कोऱ्या कापडाला खळ असते, म्हणून ते 'करकरीत', आणि त्यावरूनच 'कोऱ्या करकरीत नोटा'. कोरा कागद म्हणजे काही न लिहिलेला, कोरा चहा बिनदुधाचा, आणि सातबारा कोरा करणे म्हणजे त्यावरचा बोजा उतरवणे. या तिघांत 'नवा' घालून पाहिले तर अर्थच जातो.

'ताजा' नाशिवंत गोष्टींचा : भाजी, दूध, बातमी, जखम. 'नवी भाजी' म्हणजे वेगळ्या प्रकारची किंवा हंगामातली पहिली, 'ताजी भाजी' म्हणजे आज तोडलेली.

धान्याच्या दुकानात 'नवा तांदूळ' विचारला तर तो यंदाच्या पिकाचा, 'जुना' म्हणजे निदान वर्षभर साठवलेला. इथे नवा म्हणजे चांगला असे अजिबात नाही. साठवणीत दाणा घट्ट होतो, पाणी जास्त पितो आणि भात मोकळा होतो. कुकरला वाटीभर जुन्या तांदळाला दोन ते सव्वादोन वाट्या पाणी लागते, नव्याला दीड ते पावणेदोन पुरे. नव्याला जुन्याइतके पाणी घातले की गचका ठरलेला. गुरगुट्या भाताला आणि मोदकाच्या पिठीला मात्र नवाच हवा : उकड चिकट होते, पारी वळताना चिरत नाही.

'नव' म्हणजे नऊ की नवीन? कसे ओळखायचे?

संस्कृतात दोन्ही शब्द मराठी माणसाला सारखेच दिसतात, त्यामुळे समासाचा दुसरा भाग पाहावा. मोजता येणाऱ्या ठरीव गोष्टी असतील तर नऊ : नवरात्र, नवग्रह, नवरस, नवनाथ, नवकोट नारायण. नुकतेच घडलेले काही असेल तर नवीन : नववधू, नवमतदार, नवसाक्षर, नवनिर्वाचित. 'नवकथा' म्हणजे नऊ कथा नव्हेत, १९४५ च्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या पिढीने घडवलेला कथाप्रकार. आणि कल्हईवाला वापरतो तो 'नवसागर', म्हणजे अमोनियम क्लोराइड, या दोन्ही गटांत बसत नाही. त्याचे नाते फारसी 'नौशादर'शी.

टंकताना 'नवव्या' आणि 'नव्या' यांत एक 'व' निसटतो आणि 'नवव्या दिवशी'चे 'नव्या दिवशी' होते. स्पेलचेकला ते सापडत नाही, दोन्ही शब्द खरे असल्यामुळे.

'नव वर्षाच्या शुभेच्छा' की 'नववर्षाच्या'?

'नववर्षाच्या', जोडून. 'नव' एकटा मराठीत उभा राहत नाही, समासातच येतो. वेगळे लिहायचे तर 'नव्या वर्षाच्या' किंवा 'नवीन वर्षाच्या'. 'नूतन वर्षाभिनंदन' ठीक आहे. पुढे स्वर आला की संधी होतो : नवोदित, नवोन्मेष, नवोपक्रम, नवागत, नवान्न. 'नवउद्योजक' संधीविना रुळला आहे, तो बदलण्याचा आग्रह आम्ही धरत नाही.

नवखा, नवशिका, नवागत, नवोदित यांत गल्लत होते.

'नवखा' म्हणजे अनुभव नसलेला, आणि त्यात किंचित उणेपणा आहे. सहकाऱ्याची ओळख करून देताना 'हे आपल्याकडे नवखे आहेत' म्हणू नये, 'नवीन आले आहेत' म्हणावे. वीस वर्षे काम केलेला माणूस दुसऱ्या कचेरीत नवीन असतो, नवखा नसतो. 'नवशिका' म्हणजे शिकायला सुरुवात केलेला, त्यात कमीपणा नाही, म्हणून 'नवशिक्यांसाठी वर्ग' अशी पाटी लागते. 'नवागत' नुसता आलेला. 'नवोदित' कलेत किंवा खेळात नाव होऊ लागलेला : नवोदित कवी चालतो, नवोदित कारकून हसू आणतो.

'नवबौद्ध' लिहावे का?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, त्यानंतर हा शब्द कागदोपत्री आला. 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' अशी जोडी सरकारी योजनांच्या नावांत अजून आहे. अर्ज भरताना ती आहे तशीच लिहावी. एरवी 'बौद्ध' म्हणावे. तिसऱ्या-चौथ्या पिढीला 'नव' म्हणत राहणे अनेकांना अपमानास्पद वाटते, आणि ते रास्तच आहे.

'नव्याचे नऊ दिवस' यात नऊच का?

'नव' या शब्दावरची कोटी. कौतुक फार टिकत नाही, एवढाच अर्थ. 'नव्याची नवलाई'त तो ओसरण्याचा सूर नाही, नुसते अप्रूप आहे. म्हणून नव्या सुनेच्या कौतुकाला 'नव्याची नवलाई' म्हणता येईल. तिच्यासमोर 'नव्याचे नऊ दिवस' म्हणणे हा टोमणा झाला. 'नवी विटी, नवं राज्य' माणसे बदलल्यावर रीतभातही बदलते तेव्हा.

सोसायटीत 'नवं-जुनं' करतात ते काय?

गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, जुने पीककर्ज भरून लगेच नवे उचलणे. मार्च जवळ आला की हा शब्द रोज कानावर पडतो. मुदतीत फेड झाली तरच व्याजसवलत मिळते, म्हणून हातात पैसा नसला तरी चार दिवसांची उसनवारी करून खाते कोरे करतात आणि नवे कर्ज मंजूर झाले की उसने फेडतात. नवे कर्ज मिळायला उशीर झाला की उसनवारीचे व्याज चढते, आणि सवलतीतून वाचलेले त्यात जाते. इथे 'नूतनीकरण' म्हटले तर समोरचा गोंधळेल. 'नवं-जुनं' हाच शब्द.

कोकणात 'नवं बांधतात', तेही हेच का?

नाही. तिथे 'नवं' हे नाम आहे, म्हणजे नवे पीक. आश्विन पौर्णिमा ही नवान्न पौर्णिमा. त्या दिवशी भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने, झेंडू यांची जुडी दाराला बांधतात.

'नवीनतम आवृत्ती' बरोबर आहे ना? आणि 'नवनवीन'?

'नवीनतम' व्याकरणाने अडत नाही, पण वळण हिंदी आहे. मराठीत 'सर्वांत नवी आवृत्ती'. 'नवनवीन'मध्ये अनेकपणा आहे : नवनवीन कल्पना, नवनवीन पदार्थ. 'एक नवनवीन कल्पना' होत नाही.

मुलीचे नाव 'नव्या' ठेवले आहे. प्रत्यय कसे लावायचे?

नव्याला, नव्याचा, नव्याशी. मूळ नाव तसेच ठेवून. फक्त 'नव्याने चित्र काढले' असे शाळेच्या अंकात छापायचे असेल तर आडनाव जोडावे, नाहीतर आधीचे चित्र फाडून दुसरे काढले, असे वाचले जाईल.